हातोडा पडायच्या आधी

घराच्या डागडुजीसाठी कंत्राटदाराने दिलेलं एस्टिमेट एकदा शांतपणे वाचून बघा. टाइल कुठल्या कंपनीची, नळ कुठले, प्लाय किती मिलिमीटरचा, रंगाचे हात किती, सगळं ओळीओळीने लिहिलेलं असतं. अगदी तळाशी, बेरजेच्या जरा वर, एक ओळ असते: ‘डेब्रिज काढणे, लमसम’. टाइलच्या भावावर आपण तासभर घासाघीस करतो, पण या ओळीवर बोट ठेवून “हे नेणार कुठे?” एवढंही विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे. “ते आमच्याकडे लागलं मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

थोडं घ्यायला हवं. लमसम ठरलं की कंत्राटदाराचा हिशेब सोपा होतो: टेम्पो जितक्या जवळ रिकामा होईल तितके पैसे त्याच्या खिशात. मग टेम्पो रात्री निघतो आणि खाडीच्या कडेला, नाल्याच्या तोंडाशी, कुंपण मोडलेल्या एखाद्या प्लॉटवर नाहीतर सर्व्हिस रोडच्या कोपऱ्यात हलका होऊन परत येतो. मुंबई-ठाण्याच्या कांदळवनांवर पडणारा भराव आणि पुण्यात मुठेच्या पात्रात दिसणारे राडारोड्याचे ढीग काही एकट्या मोठ्या बिल्डरांचे नसतात. जवळ जाऊन बघितलं तर त्यात तुमच्या-आमच्या जुन्या बाथरूमच्या आकाशी आणि गुलाबी टाइल्स ओळखू येतात.

कचऱ्याकडे दुर्लक्ष केलं की तो किती वरपर्यंत जाऊ शकतो हे मुंबईने पाहिलं आहे. १९२७ पासून कचरा पोटात घेणाऱ्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था नियमाप्रमाणे होत नाही म्हणून शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. पुनर्विकासाची कामं तेवढी वगळली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही बंदी सैल केली, पण डेब्रिज कुठे टाकणार याच्या अटी घालूनच.

आज निदान मोठ्या शहरांत तरी सोय नाही असं म्हणता येत नाही. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. तिच्या हेल्पलाइनवर कळवलं की गाडी येते आणि माल प्रक्रिया प्रकल्पात जातो. असे दोन प्रकल्प आहेत, एक दहिसरला कोकणीपाड्यात आणि दुसरा शिळफाट्याजवळ डायघरला. प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टनांची. पश्चिम उपनगरांतला माल दहिसरला जातो, शहर आणि पूर्व उपनगरांतला डायघरला. पुण्याचा राडारोडा वाघोलीच्या प्रकल्पात जातो. गाडी, काटा, यंत्र सगळं आहे. तरीही तुमच्या घरातून निघालेल्या मालाचं तिथे पेव्हर ब्लॉक होणार की नुसता ढीग, हे ठरतं तुमच्याच हॉलमध्ये, पहिला हातोडा पडतो त्या सकाळी. एकदा विटा, पीओपी, थर्माकोल, वायरी आणि जुन्या गादीचा कापूस एकाच गोणीत गेला की पुढे कितीही भारी यंत्र असलं तरी काम खिचडीतून डाळ-तांदूळ निवडायचंच होतं.

प्रकल्पात काय होतं

हे थोडं समजून घेतलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. गाडी आधी वजनकाट्यावर चढते. मग ढिगातलं लाकूड, प्लास्टिक, चिंध्या वेचून काढतात आणि लोखंड चुंबकाने ओढून घेतात. उरलेलं काँक्रीट, वीट, प्लास्टर आणि टाइल क्रशरमध्ये फोडून चाळण्यांवरून नेतात आणि काही ठिकाणी धुतातही. शेवटी हातात येते वेगवेगळ्या जाडीची खडी, वाळूसारखा बारीक माल आणि गाळ. खडी-वाळूचे पेव्हर ब्लॉक आणि फुटपाथच्या कडेचे दगड होतात, काही रस्त्याखालच्या थरात जाते.

“जुन्या मालाचं काँक्रीट कच्चं” अशी एक समजूत आहे. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३ हे २०१६ मध्ये सुधारलं, तेव्हापासून जुन्या काँक्रीटपासून बनवलेल्या खडीला त्यात रीतसर जागा आहे. पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये ती शंभर टक्के चालते, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये एम-२५ दर्जापर्यंत २० टक्के. अट एकच, खडी स्वच्छ हवी.

इथेच आपला लाडका पीओपी आडवा येतो. पीओपी आणि फॉल्स सीलिंगचे बोर्ड म्हणजे जिप्सम, त्यात सल्फेट असतं. सल्फेट सिमेंटमध्ये मिसळलं की काही महिन्यांनी काँक्रीट आतून फुगायला लागतं आणि त्याला तडे जातात. पीओपीची भेसळ वाढली की ती खडी काँक्रीटच्या कामाची राहत नाही. आता आपल्याकडे फॉल्स सीलिंग कसं उतरवतात ते आठवा. गडी खालून पहार घालतो, दोन-तीन हिसके देतो आणि बोर्ड, पत्र्याची चॅनेल, वायर, दिवे सगळं एकदम जमिनीवर येतं. त्यावरच मग भिंतीचं प्लास्टर फोडतात. पंधरा मिनिटं वाचतात आणि दोन्ही माल वाया जातात. लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सीलिंग आधी उतरवून, वेगळ्या गोण्यांत भरून घराबाहेर काढायचं, आणि मगच भिंतीला हात लावायचा.

आधी पाना, मग पहार

तोडफोडीचा क्रम बांधकामाच्या उलटा असावा. जे स्क्रू-ड्रायव्हरने आणि पान्याने निघतं ते पहिल्या दिवशी, जे पहारीने निघतं ते दुसऱ्या दिवशी आणि हातोडा सर्वांत शेवटी. कंत्राटदार कुरकुर करेल, कारण त्याची माणसं रोजावर असतात आणि त्यांना एका दिवसात खोली ‘मोकळी’ करायची असते. पण हा पहिला दिवस तुमचे पैसे वाचवतो.

बाथरूमचंच बघा. नळ, शॉवर, गीझर, आरसा, कपाट, फ्लशची टाकी, दरवाजा आणि जाळी इतक्या गोष्टी हातोड्याआधी अख्ख्या निघू शकतात. जुने नळ बहुधा पितळेचे असतात, वर नुसता क्रोमचा मुलामा. भंगारवाला चुंबक लावून बघतो ते लोखंड ओळखायला. पितळ ओळखायला तो नळ दगडावर घासतो. खालून पिवळा निघाला तर पितळ, करडा-पांढरा निघाला तर जस्ताची मिश्रधातू, तिचा भाव फार कमी. हे तुम्ही स्वतः कानशीने करून बघा आणि पितळ वेगळ्या पिशवीत ठेवा. एका पोत्यात सगळं भरून दिलंत तर तो “मिक्स माल आहे ताई” म्हणून सगळ्याला लोखंडाचा भाव लावेल, आणि त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतं.

स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असेल तर फोडायची घाई करू नका. खालची वीट सोडवून पाट अख्खा उतरवता येतो. त्याला गिऱ्हाईक लागतं: गावाकडे कपडे धुवायला, सोसायटीत बसायला बाक म्हणून, नर्सरीत कुंड्या ठेवायला. जुन्या वाड्यातल्या, चाळीतल्या शहाबादी फरश्या तर लोक शोधत येतात, कारण तितकी झिजून गुळगुळीत झालेली फरशी नवी मिळतच नाही. सागाचे दरवाजे, चौकटी आणि कोयंडे मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात विकले जातात. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. चौकट करवतीने कापली की तिचं सरपण होतं, अख्खी काढली तर दरवाजा होतो.

प्लायवुड, लॅमिनेट लावलेले दरवाजे आणि एमडीएफची कपाटं यांचं मात्र कौतुक नाही. आपल्याकडे असं लाकूड गावी पाण्याच्या बंबाखाली घालायला पाठवायची पद्धत आहे, ती मोडा. प्लायमध्ये राळेचा गोंद असतो आणि लॅमिनेट म्हणजे प्लास्टिकच. जळताना त्यातून निघणारा धूर डोळे चुरचुरवण्यावर थांबत नाही. वाळवी लागलेलं लाकूडही इतर लाकडात मिसळू नका, नाहीतर ज्याला दाराची फळी दिलीत त्याच्या घरी वाळवीही पोचेल.

खिडक्यांची ॲल्युमिनियमची चौकट भंगारात चांगल्या भावाने जाते. काच वेगळी काढा. तावदानाची काच, आरसा आणि सरबताची बाटली तिन्ही काचच, पण त्यांची घडण वेगळी असते आणि आरशाच्या पाठीला मुलामा असतो. म्हणून बाटल्या घेणारा माणूस तावदान घेत नाही. चिनीमातीचा कप किंवा ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं त्या बाटल्यांत गेलं तर वितळवताना ते तसंच राहतं आणि नव्या बाटलीत खडा येतो. कमोड आणि बेसिन राडारोड्याबरोबर द्यायला हरकत नाही, पण फोडलेल्या कमोडची धार ब्लेडसारखी असते. तुकडे दुहेरी गोणीत भरा आणि गोणी उचलणाऱ्याला आधी सांगा. बिचारा खांद्यावरून नेत असतो.

एका बाथरूमचं वजन

‘थोडंसंच आहे’ हा या कामातला सर्वांत महाग शब्दप्रयोग. पाच बाय सात फुटांचं साधं बाथरूम घ्या, टाइल्स सात फूट उंचीपर्यंत. चार भिंती आणि जमीन मिळून, दार वजा जाता, साधारण १८५ चौरस फूट म्हणजे सतरा-एक चौरस मीटर होतात. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून जाडी तीन सेंटिमीटरच्या आसपास. चौरस मीटरला साठेक किलो धरले तर एक टन इथेच झाला. जमिनीखालचा वॉटरप्रूफिंगचा कोबा काढलात तर त्यावर आणखी.

सिमेंटच्या रिकाम्या गोणीत राडारोडा तोंडापर्यंत भरला तर ती चाळीस किलोच्या वर जाते. भरू नका. दोन-तृतीयांश भरली तर हमालाला नेता येते, गोणी फाटत नाही आणि लिफ्टच्या कोपऱ्यावर आपटत नाही. म्हणजे एका बाथरूमच्या तीसहून जास्त गोण्या. ‘छोटा हत्ती’ टेम्पो साधारण पाऊण टन वाहतो, तेव्हा एका फेरीत हे जाणार नाही. एकाच फेरीत नेतो म्हणणारा एकतर जास्त भरतो आहे किंवा वाटेत हलका होणार आहे. ब्रासवर भाव ठरत असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि राडारोड्याचं त्यात साडेतीन-चार टन वजन बसतं हे लक्षात ठेवून बोला.

गोण्या तीन रंगांच्या दोऱ्यांनी बांधल्या तर गोंधळ होत नाही: वीट-काँक्रीट-टाइल एक, पीओपी-जिप्सम दुसरा, प्लास्टिक-थर्माकोल-पॅकिंग तिसरा. लाकूड आणि धातू गोणीत भरायचेच नाहीत. कामगारांना हे तोंडी सांगून भागत नाही. पहिल्या दिवशी तासभर तुम्ही तिथे उभे राहा, पहिल्या चार-पाच गोण्या तुमच्यासमोर भरल्या की पुढच्या बरोबर भरतात.

एस्टिमेटमधली ती ओळ

आता ‘लमसम’कडे परत. ती ओळ खोडून तिथे असं काहीतरी लिहून घ्या: ‘राडारोडा वर्गीकरण करून महापालिकेच्या अधिकृत केंद्रात किंवा अधिकृत गाडीत देणे व पावती आणून देणे, शेवटचा हप्ता पावती मिळाल्यावर.’ या एका वाक्याने निम्मे कंत्राटदार सरळ होतात. उरलेले आकडा वाढवतात. तो वाढीव आकडा तरी खरा असतो, आणि तुम्ही स्वतः गाडी मागवली तर काय पडतं याच्याशी ताडून बघता येतो.

स्वतः मागवायची तर काम सुरू व्हायच्या आधीच फोन करा, गोण्या दारात रचल्यावर नाही. पत्ता, अंदाजे वजन, माल गोणीत आहे की सुटा, गाडी आवारात येऊ शकते की गल्लीच्या तोंडाशीच थांबणार, हे चार तपशील हाताशी ठेवा. घरगुती डागडुजीच्या थोड्या मालाला सवलत आहे का आणि त्यापुढे दर काय, हे त्याच फोनवर विचारून घ्या. हे आकडे बदलत असतात. मुंबईबाहेर असाल तर तुमच्या वॉर्ड ऑफिसात, पुण्यात आरोग्य कोठीवर चौकशी करा. तिथला मुकादम कुठल्याही वेबसाइटपेक्षा जास्त सांगतो, फक्त सकाळी लवकर गाठायला हवा.

गाडी येईपर्यंत गोण्या सोसायटीच्या आवारात ठेवा, फुटपाथवर नाही. रस्त्यावर राडारोडा ठेवला की दंड होतो, आणि माल ज्याच्या घरातून निघाला त्याचीच ती जबाबदारी आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत हे स्पष्ट होतं: दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांपेक्षा जास्त माल काढणाऱ्याला कचऱ्याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागे. आपण त्यात बसत नाही, पण माल रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही आणि तो पालिकेच्या केंद्राकडे द्यायचा हे छोट्यांनाही लागू आहे. २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली. तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर कमिटीने बिल्डरला विचारायचा हा प्रश्न आहे, कॉर्पस फंडाच्या चर्चेतून वेळ मिळाला तर.

पावसाळ्यात तोडकाम टाळा. ओली गोणी बरीच जड होते, पीओपीचा चिखल होतो, आणि आवारातली माती वाहत जाऊन तुमच्याच गटारात बसते.

ज्याला हात जपून लावायचा

दोन-तीन गोष्टींत काटकसर नको. जुन्या शेडचे, बाल्कनीच्या छपराचे सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. पत्रा अख्खा असेपर्यंत फारसा त्रास नाही, पण तो कापला, फोडला, घासला की बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. म्हणून पत्र्यावर पाणी मारा, बोल्ट सोडवून तो अख्खा उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि राडारोड्यात न टाकता ‘हे ॲस्बेस्टॉस आहे’ असं सांगूनच द्या. ग्राइंडर लावू देऊ नका, कारागीर कितीही म्हणाला “पाच मिनटांत कापतो शेठ” तरी.

जुन्या घराचा रंग खरवडतानाही पाणी मारूनच खरवडा. रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या अखेरीस. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं असू शकतं. ती भुकटी लहान मुलांच्या हाताला लागू नये. मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवसांत त्यांना माहेरी, आजीकडे, कुठेही पाठवा. टाइल कापणाऱ्याला रुमाल नको, नीट बसणारा एन-९५ मास्क द्या. त्याची किंमत तुमच्या एका टाइलपेक्षाही कमी असेल.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. नव्या दिव्यांच्या खोक्यांत जुने ठेवून अख्खेच द्या. एसी आणि फ्रीजची नळी कापून तांबं काढणारे हुशार लोक भेटतात. त्या नळीतला वायू हवेत सोडायचा नसतो. तांब्याच्या वायरीवरचं आवरण जाळून काढणाऱ्याला वायर देऊ नका, त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात. ही सगळी ई-कचऱ्याची मंडळी आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत रीसायकलरची यादी असते. एकट्याच्या मिक्सरसाठी कोणी येणार नाही, पण सोसायटीने एका रविवारी सगळ्यांचा माल खाली जमवला तर गाडी दारात येते. इन्व्हर्टरची किंवा स्कूटरची बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच द्या, पैसे वजा होतात. मोबाइलची फुगलेली बॅटरी आणि पॉवर बँक सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दबली की पेट घेते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याबरोबर द्या.

उरलेला घरसंसार

डागडुजी निघाली की माळाही निघतो, आणि माळ्यावरच्या सामानाचा निकाल राडारोड्यापेक्षा अवघड असतो. कारण ते मोडलेलं नसतं, फक्त नको झालेलं असतं. अशा गोष्टींसाठी मे २०२३ मध्ये देशभरात शहरोशहरी ‘आरआरआर’ केंद्रं उघडली: कपडे, पुस्तकं, खेळणी, चपला, भांडी द्या आणि हवं असेल तर घेऊन जा. काही शहरांत ती नेटाने चालू आहेत, काही ठिकाणी नुसता बोर्ड उरला आहे. जाण्याआधी एक फोन करा. कपडे धुऊन द्या. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लोक देत नाहीत.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी आणि माझ्या मते जास्त शहाणी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. दारात येऊन कचरा घेणाऱ्या ताईचं सुक्या कचऱ्याच्या विक्रीतूनही पोट भरतं. तेव्हा पुठ्ठा कोरडा ठेवणं, दुधाची पिशवी धुणं, काच वेगळी बांधणं हा तिच्या रोजच्या कमाईचा प्रश्न आहे. जुनं फर्निचर आणि ई-कचरा यांच्यासाठी ‘स्वच्छ’च्या संकलन मोहिमाही होतात. डागडुजीत निघालेली पुठ्ठ्याची खोकी, पितळ, तारा दारात येणाऱ्या ताईला द्यायची ठरवलीत तर आधी सांगा, म्हणजे ती गाडी किंवा जोडीदार घेऊन येईल. राडारोडा मात्र तिच्या माथी मारू नका. तो तिच्या कामात येत नाही आणि तिच्या हातगाडीलाही झेपत नाही.

गादी कापसाची असेल तर पिंजून पुन्हा भरून घ्या, अजूनही करणारे आहेत. फोमची गादी आणि सोफा यांना कोणी वाली नसतो. दुकानदार जुनी गादी नेतो का हे नवी घेण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

लहान गावात प्रक्रिया प्रकल्प नसेल तर काय? वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी वेगळा केलेला कचरा घेऊन कचरा डेपोचं पर्यटनस्थळ करून दाखवलं, तेव्हा गाव लहान आहे ही सबब फार टिकत नाही. राडारोड्याचा तर गावात शहरापेक्षा चांगला उपयोग होतो. विटांचे तुकडे गच्चीच्या कोब्याला लागतात. स्वच्छ काँक्रीट-विटांचा चुरा जोत्याच्या भरावात किंवा शेताकडच्या वाटेवर चालतो. त्यात लाकडाचा तुकडा नको, तिथेच वाळवी धरते. पीओपी नको, ओलाव्याने विरघळतो आणि जमीन बसते. प्लास्टिक तर नकोच. आणि भराव स्वतःच्या जागेत. ओढा, पाणंद आणि गायरान ही कुणाची तरी जागा असते.

शेवटी उरतात रंगाचे अर्धे डबे आणि काही टाइल्स. पाण्यावरचा डिस्टेंपर उरला तर शेजाऱ्याच्या जिन्याला द्या, नाहीतर डबा उघडा ठेवून वाळवा आणि कडक झालेला गोळा व डबा वेगळे करा. ऑइल पेंट, थिनर आणि वार्निश मोरीत ओतायचं नाही. झाकण घट्ट लावून घातक कचरा म्हणून वेगळं द्या. टाइल्स मात्र कुणालाच देऊ नका. प्रत्येक खोलीच्या आठ-दहा टाइल्स खोक्यातच ठेवा, खोक्यावर खोलीचं नाव आणि बॅच नंबर लिहा आणि ते पलंगाखाली सरकवा. चार वर्षांनी प्लंबर गळती शोधायला भिंत फोडेल तेव्हा ती टाइल कंपनीने बंद केलेली असेल, आणि चार टाइल्सपायी सगळी भिंत नव्याने काढायची पाळी येईल.